जावयाचं पोट

दांडीच्या आमच्या घरात पहिला जावई आला तो लाकडी खोक्यात बसून, बैलगाडीतून. अंगाला पेंढा चिकटलेला, वरून ताडपत्री आणि मागे गावातली निम्मी पोरं. मी तेव्हा बिनलग्नाची होते आणि मला बहीण नव्हती, त्यामुळे जावई यायला तसं काहीच कारण नव्हतं. पण खोक्याच्या फळ्या उचकटल्यावर आतून हिरव्या रंगाचं, अंगाखांद्यावर नळ्या मिरवणारं ते इंजिन बाहेर आलं आणि आत्या ओटीवरून म्हणाली, "आला गं बाय जावई! आता ह्याचे रुसवे काढा जलमभर." ही माझ्या बाबांची थोरली बहीण, जानकी. तरुणपणीच नवरा समुद्रात गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. घर तिच्याच हातात होतं. त्या दिवशी तिने माझ्या आईला इंजिनाला ओवाळायला लावलं, गूळखोबरं ठेवायला लावलं, आणि स्वतः विधवा म्हणून लांब उभी राहून सगळ्या सूचना तेवढ्या दिल्या.

तोवर आमची बोट शिडावर चालायची. इंजिन मच्छीमारांच्या संस्थेकडून हप्त्यांवर मिळालं आणि आमच्या किनाऱ्याचा आवाजच बदलला. पहाटे बाबा हँडल मारायला लागले की जावई आधी खोकायचा, मग एक मोठी ढेकर द्यायचा आणि मग त्याचं टुक्-टुक् सुरू व्हायचं. कधी तो मुळीच उठायचा नाही. बाबा घामाघूम, खलाशी शिव्या देतायत, आणि आत्या चुलीपाशी बसून म्हणणार, "काल त्याला काय कमी पडला ते बगा आदी." जावई म्हणजे दहावा ग्रह असं उगीच म्हणत नाहीत. हळूहळू आम्हाला प्रत्येक बोटीचा आवाज ओळखू यायला लागला. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी आमचं टुक्-टुक् ऐकू आलं की आई भाताचं आधण ठेवायची, आणि बाबा पाय धुऊन आत येईपर्यंत भात शिजलेला असायचा. आता माझ्या नातवंडांना सांगितलं की आम्ही इंजिनाच्या आवाजावर भात शिजवायचो, तर ती हसतात. हसू देत. त्यांच्याकडे बाप कुठवर आला ते मोबाईलवर दिसतं, पण बाप घरात शिरतो तेव्हा भात गारच असतो.

आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडी, मागे माडाची चार झाडं, आणि मध्ये आत्याचं स्वयंपाकघर. पावसाळ्यात बोटी वर ओढून झापांखाली झाकलेल्या असत आणि ताजी मासळी नसे. मग माचावरून सुके बोंबील, सोडे, करंदी खाली उतरत. आत्या सुक्या बोंबलाचं कालवण करायची, त्यात चिंच जरा जास्तच, आणि बरोबर तांदळाची भाकरी, अशी पातळ की तिच्यातून चुलीचा जाळ दिसावा. कोणी खाडीवरून चिंबोऱ्या आणल्या तर त्या दिवशी घरात सणच. बाहेर पाऊस, आत ओल्या जाळ्यांचा आणि सुक्या मासळीचा वास, आणि दुपारी तारापूरच्या बाजूने अणुभट्टीच्या कामावरच्या सुरुंगांचे धडाके. धडाका झाला की माचावरच्या बरण्या एकमेकींना लागायच्या आणि आत्या तिकडे बघून म्हणायची, "फोडा, आक्की धरती फोडा." तिचं लक्ष मात्र तेलाच्या बरणीकडे असायचं.

त्या बरणीबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्या घरात तेलाची बरणी रिकामी करायची नाही असा आत्याचा दंडक होता. तांदूळ संपोत, मीठ संपो, तेलाचा तळ दिसता कामा नये. थोडं उरलं की वरून नवं ओतायचं. त्यामुळे ती बरणी कधी धुतलीच गेली नाही. तिच्या तळाला डिंकासारखा तपकिरी थर बसला होता आणि काठाला खवट वास यायचा. माझी आई माहेरची टापटिपीची, तिला ते बघवायचं नाही. पण नणंदेपुढे बोलायची सोय नव्हती. "माज्या लग्नाच्या भज्यांचं तेल अजून हाय त्या बरणीत," एवढंच ती हळूच मला म्हणायची, आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो.

आता इंजिनही तेलच पितं. संस्थेचा फिटर सुरुवातीला येऊन बाबांना समजावून गेला होता की ठरावीक काळाने खालचं बूच काढून सगळं जुनं तेल सोडून द्यायचं आणि नवीन भरायचं. बाबांनी मान हलवली. पण पहिल्यांदा पाना घेऊन ते बोटीकडे निघाले तेव्हा आत्याने विचारलं, काय करतोस? बाबांनी सांगितलं. तिचा चेहरा असा उतरला की बाबांनी पाना परत खुंटीला लावला. "जावयाचं पोट रिकामं करून त्याला दर्यात नेतोस?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून इंजिनातलं तेल कधी सोडलं गेलं नाही. कांडी बुडवून बघायची, कमी वाटलं तर वरून ओतायचं. बाबांना चूक कळत नव्हती असं नाही. माझे बाबा भरल्या दर्यात कोणाला भ्यायचे नाहीत, पण बहिणीचा उतरलेला चेहरा त्यांना सहन व्हायचा नाही.

दोनतीन हंगाम जावयाने हे आतिथ्य निमूट सोसलं. मग त्याने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. धूर काळा झाला. उठायला वेळ लागायला लागला, आणि उठला की लगेच तापायचा. तेलाचा दाब दाखवणारा काटा दारुड्यासारखा डुलायचा. एकदा ऐन मासळीच्या दिवसांत तो समुद्रात बंद पडला आणि शेजारच्या नाखव्याने आमची बोट दोरीने ओढून आणली. ओढून आणलेल्या बोटीवर बसून गावासमोर यायचं म्हणजे काय ते मच्छीमाराच्या घरातल्यालाच कळेल. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या महिन्यात आमचे दोन खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले. त्यांना तरी काय बोलणार, त्यांनाही घरं होती.

पाऊस सुरू झाला, बोट वर ओढली, आणि एका दुपारी जेवता जेवता बाबा म्हणाले, "पुनवेला हा नीट चालला तर चालला. नायतर बोट विकतंय नि भट्टीवर कामाला जातंय. ठेकेदाराचा माणूस बोल्लाय, ये मनून." नारळी पौर्णिमेला जेमतेम महिना होता. भट्टीवर कामाला जाण्यात वाईट काही नव्हतं. आजूबाजूच्या गावांतली माणसं जात होती, डोंगराकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन खडी वाहत होत्या, कष्टाची भाकरी होती ती. पण माझ्या बाबांनी जन्मात कोणाच्या शिट्टीवर काम केलं नव्हतं. भरती-ओहोटी सांगेल तेव्हा उठायचं आणि वारा सांगेल तेव्हा झोपायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मुकादमापुढे रांगेत उभे राहिलेले बाबा माझ्या डोळ्यांपुढे आले. मला तेव्हा कळलं की मला माझ्या बापाचा किती अभिमान आहे. तोवर मी त्यांना नुसतीच घाबरायचे.

मग रामधनी आला. तो आणला माझ्या आईने. आम्ही दोघी सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचो, तिथे हा आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. भट्टीच्या कामावरचे ट्रक नि डंपर दुरुस्त करणारा मिस्त्री, मुलूख लांब उत्तरेकडचा, पण बोंबलाचा असा शौकीन की पाटी उतरायच्या आधी हजर. आईने त्याला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत जावयाची सगळी लक्षणं सांगितली. त्याने डोळे मिटून वैद्यासारखं ऐकलं आणि म्हणाला, "पेट खराब है. मैं ठीक कर दूँगा." आणि खरोखरच सुट्टीच्या दिवशी सायकल मारत तो दांडीला आला.

रामधनी कामाचा माणूस होता, पण त्याच्या तोंडाला बूच नव्हतं. कांडी काढून तेल बोटांवर चोळताना, वरचं झाकण उघडताना, सारखा बोलत होता. अशी कितीतरी इंजिनं आपण उठवलीत, ठेकेदार आपल्यावाचून पाणी पीत नाही, वगैरे. झाकण निघालं आणि आम्ही सगळे आत डोकावलो. आत काकवीसारखा काळा, घट्ट गाळ कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला. आणि जिथे गाळ नव्हता तिथे लोखंडावर तपकिरी, चकचकीत थर चढलेला, देवळाच्या दाराला रोगण दिल्यासारखा. रामधनीने नखाने खरवडला तरी तो निघेना. जुनं तेल तापून तापून जळतं, त्याचा हा गाळ होतो आणि हे रोगण होतं, तेल जायच्या वाटा बुजतात, म्हणून इंजिन तापतं, हे त्याने सांगितलं ते मात्र मला चांगलं समजलं. मी आमच्या बरणीचा तळ रोज बघत होते.

"फ्लश करना पड़ेगा," तो म्हणाला. हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. जुनं तेल सोडायचं, आत पातळ तेल आणि रॉकेल मिसळून भरायचं, इंजिन थोडा वेळ जागच्या जागी हळू चालवायचं, म्हणजे गाळ सुटतो आणि त्या पातळ तेलाबरोबर सगळा बाहेर येतो. परवा माझ्या मुलाची गाडी दुरुस्तीला दिली होती, तर तिथला मुलगा मला छोटासा डबा दाखवून म्हणाला, "मावशी, इंजिन फ्लश करून देऊ का?" मी म्हटलं, बाबा, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हा मी या हातांनी फ्लश केलाय. त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. पण मी त्याला एकच गोष्ट बजावली, की करशील तर शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढ. ती अक्कल आम्हाला कशी आली, तेच आता सांगते.

सगळं तेल सोडायचं म्हटल्यावर आत्या पुढे आली. "सगळं नाय," ती म्हणाली. "तलाला थोडं ऱ्हाऊ दे." बाबांनी रामधनीकडे बघितलं. रामधनीने डोकं खाजवलं. खरं तर त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण समोर म्हातारी बाई हात जोडल्यासारखी उभी, आणि त्याच्यापुढे तिने नुकतंच तळलेल्या सोड्यांचं ताट ठेवलेलं. "थोड़ा-सा रहने से क्या बिगड़ेगा, बुआजी," तो म्हणाला. बाबांचा चेहरा खुलला. बहिणीचंही राहिलं आणि इंजिनाचंही झालं, असं त्यांना वाटलं असणार.

मला मात्र राग आला. मी आईला मागच्या पडवीत गाठलं आणि म्हटलं, हे काय खूळ आहे, एका बरणीपायी बाबांची बोट जाईल. आई निवडत होती ते तांदूळ तिने बाजूला ठेवले. मग तिने मला सांगितलं ते घरात कोणी कधी बोलत नसे. आत्या सासरी असताना एका पहाटे घरात दिव्याला तेल नव्हतं. तिने बरणी उलटी केली, थेंब न् थेंब निपटून काढला, दिवा लावला आणि नवऱ्याला वाट दाखवली. तो गेला तो परत आला नाही. "तवापासून तिला वाटते तिनंच घालवला त्याला," आई म्हणाली. "बरणी उलटी केली मनून." त्यानंतर आम्ही दोघी त्या बरणीला कधी हसलो नाही.

फ्लशच्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. बोट अजून जमिनीवरच, ओंडक्यांवर टेकलेली, म्हणून इंजिन थंड ठेवायला पाणी बाहेरून द्यायला लागणार होतं. बोटीत पिंप ठेवलं, त्यातून नळी लावली, आणि मी नि आई विहिरीवरून हंडे आणून पिंप भरत राहिलो. बाबांनी हँडल मारलं. रॉकेल प्यायलेला जावई असा हलका, पातळ आवाज करायला लागला की मला तो परका वाटला. थोड्या वेळाने रामधनीने बंद केलं, खालचं बूच काढलं आणि घमेल्यात धार पडली. काळी कुळकुळीत, शाईसारखी, आणि तिच्यात गुठळ्या. बघायला आलेली माणसं नाकाला फडकं लावून "बाबौ, बाबौ" करत होती. रामधनी लग्नातल्या सासऱ्यासारखा छाती काढून उभा. धार बारीक झाली तशी लांब उभ्या असलेल्या आत्याने हात वर केला आणि बाबांनी चटकन बूच लावलं. वरून नवं तेल भरलं. त्या संध्याकाळी घरात वालाचं बिरडं आणि नारळीभात झाला, सणाच्या आधीच सण. रामधनी सुक्या बोंबलांची जुडी सायकलला बांधून गाणं म्हणत गेला.

दुसऱ्या सुट्टीला, भरती बघून, बोट खाडीत लोटली. बाबा, रामधनी आणि एक जुना खलाशी बोटीवर, आम्ही काठावर. आवाज सुरेख लागला. आई म्हणाली, "पहिल्यासारका वाटते." बोट खाडीच्या तोंडापर्यंत गेली, वळली, बाबांनी जरा वेग वाढवला. आणि मग त्या टुक्-टुक्‌मध्ये एक कोरडी टकटक शिरली, सुका नारळ दगडावर आपटावा तशी. मला वाटलं मला भास होतोय, पण आईने माझं मनगट धरलं. दुसऱ्या क्षणी आवाज बंद झाला. बाबांनीच इंजिन बंद केलं होतं. काटा झपकन खाली बसलेला त्यांनी बघितला होता, आणि आणखी थोडं चालवलं असतं तर आतलं सगळं एकमेकांत घट्ट बसून कायमचं गेलं असतं. गावातल्यांनी पुन्हा दोरी टाकून बोट ओढून आणली, त्याच गावासमोर.

काठाला लागल्यावर रामधनीचं बोलणं प्रथमच आटलं होतं. सुटलेला गाळ तळाच्या उरलेल्या तेलात तसाच राहिला होता. नव्या तेलाबरोबर तो तेल गाळणाऱ्या खालच्या जाळीत जाऊन बसला आणि तेल वर चढेना. "ग़लती मेरी है," तो म्हणाला. "पूरा निकालना था." बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. ते वाळूत बसले, हाताचं तेल वाळूनेच पुसत राहिले आणि म्हणाले, "रामदनी, ठेकेदाराला सांग. मी येतंय कामाला. पुनव झाली की येतंय." अगदी साध्या आवाजात म्हणाले. रडले असते तर बरं झालं असतं. मी आत्याकडे बघितलं. तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

आत्या घराकडे गेली. मला वाटलं रडायला गेली. पण ती परत आली तेव्हा लुगड्याचा काष्टा घट्ट खोवलेला, हातात चिंध्यांचं गाठोडं. नवरा गेल्यापासून तिने बोटीला हात लावला नव्हता, बोटीच्या सावलीत उभी राहायची नाही. ती सरळ पाण्यात शिरली, बोटीच्या कडेला हात टेकला आणि म्हणाली, "मला वर घ्या." बाबा उठून उभे राहिले. "बाय, कशाला..." "घे मनतंय ना!" त्यांनी तिला वर घेतलं. मागून आई आणि मीही चढलो. इंजिनासमोर बसून तिने रामधनीला विचारलं, "कुठनं रिकामा करायचा ह्याला?"

त्याने बूच दाखवलं. तिने पान्याला स्वतः हात घातला, तिला जमेना, बाबांनी वरून जोर लावला, आणि तेल सुटलं. या वेळी कोणी हात वर केला नाही. धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग थेंबही थांबले. आत्याने डोळे त्या बुचावरून हलवले नाहीत. मग रामधनीने इंजिनाच्या बाजूची छोटी झाकणं उघडली. खाली गाळ दिसत होता, पण त्याचा पंजा आत जाईना, बाबांचा तर मनगटाशीच अडला. "सरका," आत्या म्हणाली. आमचे हात जन्मभर मासळीच्या पोटात गेलेले. पित्ताशय न फोडता आतडी कशी ओढायची, काट्याकाट्याने बोट कसं फिरवायचं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. आत्याने एका बाजूने हात घातला, मी दुसऱ्या बाजूने. आत कोमट होतं, निसरडं होतं, आणि मूठभर मूठभर तो काळा चिखल आम्ही बाहेर काढून घमेल्यात टाकत होतो. आई रॉकेलचे बोळे भिजवून देत होती. एकदा आत, लोखंडाच्या आड, माझी बोटं आत्याच्या बोटांना लागली. तिने ती क्षणभर धरली. मग म्हणाली, "तुज्या कोपऱ्यात अजून हाय. बग नीट."

शेवटी जाळी सुटली. ती इतकी गच्च भरली होती की उजेडाकडे धरली तरी एक भोक दिसेना. रामधनीने ती रॉकेलने धुऊन परत बसवली, झाकणं लावली आणि झाकणांच्या कडांना लावायचा लेप सकाळपर्यंत सुकायला हवा म्हणाला. म्हणजे इंजिन रात्रभर कोरडं राहणार. बाबांनी हळूच विचारलं, "थोडं तेल ओतून ठेऊ का, बाय?" आत्या हात पुसत होती. "नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे रिकामा. सुकू दे नीट." मी आजवर पुष्कळ धीराची माणसं बघितली. पण रिकाम्या इंजिनाला तसंच सोडून त्या संध्याकाळी बोटीवरून खाली उतरणारी माझी आत्या मला सगळ्यांत धीराची वाटते.

सकाळी पुन्हा एकदा पातळ तेल भरून इंजिन हळू चालवलं, पुन्हा सगळं सोडलं. या वेळी खाली आलं ते नुसतं मळकट होतं, गुठळ्या नव्हत्या. मग नवं तेल भरलं. बाबांनी हँडल मारलं आणि जावई खोकला नाही, ढेकरही दिली नाही, एकदम चालूच झाला. काटा वर चढला आणि तिथेच उभा राहिला. रामधनीने आनंदाने बाबांना मिठी मारली आणि दोघांचे सदरे कायमचे खराब झाले.

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि दुसऱ्या पहाटे बाबा बोट घेऊन गेले. त्या दिवशी आत्या किनाऱ्यावर जाऊन बसली. सकाळी बसली, दुपारी बसली. आईने भाकरी नेली तर खाल्ली नाही. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, बोलू नको, मला ऐकू येत नाय. संध्याकाळ झाली. एकेक बोट परत येत होती आणि दर आवाजाला ती मान उचलायची आणि परत खाली घालायची. आमचा आवाज आला तो सगळ्यांत शेवटी. बाबा उशिरा आले कारण पहिल्याच दिवशी मासळी भरपूर लागली होती आणि त्यांना जाळं सोडवेना. ते बिचारे आनंदात हसत पाण्यातून चालत आले, आणि आत्याला समोर बघून जागच्या जागी थांबले. तिने त्यांच्या खांद्याला, दंडाला हात लावून बघितला, बाजारात मासळी दाबून बघतात तसा.

"त्या दिशी वारा पडला हुता," ती म्हणाली.

बाबांना आधी कळेना. मग कळलं.

"वारा पडला नि पाण्याच्या ओढीनं होडी खडकावर नेली. सगली मला सांगत हुती. मीच ऐकली नाय." ती वाळूत खाली बसली. "तेलानं काय नाय केला रे. इंजिन असता तर आला असता तो."

बाबा तिच्याजवळ ओल्या कपड्यांनिशी बसले. मी, आई, टोपल्या घेऊन आलेल्या बायका, सगळ्या तशाच उभ्या राहिलो. मासळी उतरवायची राहिली होती. आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा आत्या आपल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली. त्याला गाता यायचं नाही पण सुकाणूवर बसला की मोठ्याने गायचा. ताडगोळे सोलायचा ते आधी तिला द्यायचा. लग्नात त्याची पायताणं हरवली तर अनवाणीच वरातीत चालला होता. असं कायकाय. सांगता सांगता तिला हसू यायला लागलं. ती चांगलंच हसत होती, आणि माझे बाबा तिच्या शेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते.